बारा मिनिटांची बाग

आमच्या सूनबाईला बस डेपोत सगळे टाइमबाई म्हणतात. कोणती गाडी किती वाजता सुटणार, ती कोण चालवणार, कोणाची आज सुट्टी, कोणाला ताप आला म्हणून त्याच्या जागी कोणाला पाठवायचं, हे सगळं ठरवते ती. एकशे सहा गाड्या आणि दोनशे चाळीस ड्रायव्हर. मी एकदा विचारलं, "एवढं सगळं डोक्यात राहतं तरी कसं?"

"डोक्यात ठेवलं तर वेड लागेल, बाबा. मी कागदावर ठेवते. डोकं रिकामं पाहिजे, नाहीतर आमटीत मीठ दोनदा पडतं."

पडलं होतं एकदा. आम्ही तिघांनी मुकाट्याने खाल्लं आणि रात्रभर पाणी प्यायलो. असो.

मला सांगायचं आहे ते तिच्या बागेबद्दल. बाग म्हणजे आमच्या इमारतीच्या गच्चीवरच्या एक्केचाळीस कुंड्या. कुंड्या म्हणायचं ते आपलं सोयीसाठी. त्यात रंगाचे डबे आहेत, फुटक्या बादल्या आहेत, एक जुना प्रेशर कुकर आहे, आणि एका कोपऱ्यात उभं कापलेलं मोठं पिंप आहे. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला, अगदी बसवर असतो तसा. आमच्या घरात कोणी "टोमॅटोला फूल आलं" असं म्हणत नाही. "सात नंबर फुलला" असं म्हणतात. पाहुण्यांना वाटतं, आम्ही लॉटरी खेळतो.

गच्चीच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला आहे. कोणत्या नंबरला कोणत्या दिवशी किती पाणी, कोणत्या कुंडीला उन्हातून सावलीत न्यायचं, कोणाला खत, कोणाला पूर्ण विश्रांती. तिने झाडांचे तीन गट केलेत, पण ते फुलझाडं, भाजी असे नाहीत. रोज तहान लागणारी, एक दिवसाआड लागणारी, आणि आठवडाभर नुसती बसून राहणारी. कोरफड तिसऱ्या गटात. मलाही ती त्याच गटात धरते, असा माझा संशय आहे.

सकाळी साडेपाचला ती चहाचा कप घेऊन वर जाते आणि पाच बेचाळीसला खाली येते. बारा मिनिटं. त्यानंतर डबा, केस, चावी आणि जिन्यावरून खडखड करत थेट डेपो. दुपारी चारला परत, जरा आडवी होते, मग बाजार, मग दोन गल्ल्या पलीकडे तिच्या आईकडे एक फेरी, आणि सातला पुन्हा गच्चीवर दहा मिनिटं. मी म्हटलं होतं, "अगं, एवढ्या घाईत कसली मजा?" तर म्हणाली, "दिवसभर मी लोकांच्या वेळा लावते. ही बारा मिनिटं मला कोणी लावून दिलेली नाहीत. घाई कुठे आहे यात?"

खरंच नव्हती. मी एकदा तिच्यामागून हळूच वर गेलो होतो. कठड्यावर चहा ठेवलेला, आणि ही बाई एका मिरचीच्या रोपापुढे उकिडवी बसून नुसती बघतेय. दोन मिनिटं बघत होती. बारातली दोन. मग कुंडीच्या काठाला बोटं घालून ती जरा तिरकी केली, वजन बघितलं आणि पुढे सरकली. पाणी घातलंच नाही.

"का गं, विसरलीस?"

"जड आहे, बाबा. हलकी लागली की घालायचं. कुंडी स्वतःच सांगते."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, ही शहरातली पोर मला शिकवणार! मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या शाळेला अर्धा एकर बाग होती आणि हेडमास्तर प्रत्येक मुलाला वर्षाला एक रोप देत. वर्षाअखेर रोप जगलं की प्रगतिपुस्तकात शेरा. मला पेरूचं मिळालं होतं. मी त्याला इतका जीव लावला की विचारू नका. आणि एक दिवस शेळीने ते खाल्लं. साठ वर्षं झाली, मी ही गोष्ट सांगतोय. शेळी कशी पावलं न वाजवता आली, कुंपणावरून तिने कशी झेप घेतली, आणि जाताना मागे वळून माझ्याकडे कशी बघून गेली. माझी बायको होती तेव्हा म्हणायची, "दर वर्षी त्या शेळीची शिंगं बोटभर वाढतात." पण लोकांना गोष्ट आवडते, त्याला मी काय करू?

तर ते कोपऱ्यातलं पिंप. तो एक नंबर. त्यात लिंबाचं झाड आहे, सूनबाईच्या खांद्याएवढं. बाग सुरू झाली ती त्याच्यापासून. नऊ वर्षांपूर्वी कोणीतरी बसमध्ये एक पिशवी विसरलं. डेपोत हरवलेल्या सामानाची एक फळी आहे. तिथे छत्र्या असतात, जेवणाचे डबे असतात, एकदा तर वरच्या दातांची कवळीही आली होती, आणि ती कोणी न्यायला आलं नाही. त्या फळीवर ही पिशवी आली. आत वीतभर लिंबाचं रोप. नियम असा की महिनाभर वाट बघायची, मग वस्तू काढून टाकायची. महिनाभर सूनबाई त्याला आपल्या टेबलावर ठेवून पाणी घालत होती. एकतिसाव्या दिवशी शिपाई ते कचऱ्यात न्यायला आला, तेव्हा तिने रजिस्टरमध्ये लिहिलं, "मालक सापडला," आणि ते घरी घेऊन आली. मला वाटतं, सरकारी कागदावर तिने आयुष्यात एवढं एकच खोटं लिहिलं असेल.

आता शेजारी. तिसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या घरात घड्याळजी राहतात. एकटे. वय पन्नाशीच्या पुढचं. घड्याळं दुरुस्त करतात, खाली दुकान आहे, पण बारीक काम घरीच, खिडकीजवळच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून. माणूस फार नेमका. तुम्ही विचारलं, "किती वाजले?" तर "साधारण सहा" हे शब्द त्यांच्या तोंडून निघणार नाहीत. ते म्हणतील, "पाच अठ्ठावन्न."

मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सोमवारी संध्याकाळी त्यांनी आमचं दार वाजवलं. हातात एक कापलेली बाटली, तळाशी गढूळ पाणी.

"वहिनी, हे माझ्या छतातून पडतंय. बरोबर टेबलावर. काल एका गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडून ठेवलं होतं, त्यात थेंब पडला. दर अकरा सेकंदांनी एक. मी पाऊण तास मोजलं."

"अकरा?" मी विचारलं.

"अकरा म्हणजे अकरा, काका. आणि वर काय आहे? तुमचं पिंप."

त्यांचं खरं होतं. पिंप त्यांच्या खिडकीच्या बरोबर वर आहे. बिचाऱ्यांनी टेबल उचलून स्वयंपाकघरात नेलं होतं, आणि तेलाच्या बरणीशेजारी बसून घड्याळं उघडत होते.

मागोमाग सेक्रेटरीबाई आल्या. आमच्या इमारतीच्या या बाई वाईट नाहीत, पण त्यांच्या काखेत सतत एक फाइल असते, आणि फाइल उघडली की त्या वेगळ्याच होतात. त्यांनी फाइल उघडली.

"रविवारी सकाळी दहाला आपण सगळे गच्चीवर जमू. तोवर गळती थांबलेली दिसली नाही, तर कुंड्या हलवायच्या."

"सगळ्या?" सूनबाईने विचारलं.

"सगळ्या. आज यांचं छत, उद्या आणखी कोणाचं."

"पिंप हलणार नाही. मातीसकट चार माणसांना उचलणार नाही ते."

"मग झाड कापावं लागेल," त्या म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "माझाही नाइलाज आहे हो."

माझा मुलगा माझ्याकडे बघू लागला आणि मी चपलांकडे. सूनबाईचा चेहरा मात्र डेपोत एखादी गाडी बंद पडल्यावर होत असेल तसा झाला. घाबरलेला नव्हे. कामाला लागलेला.

"सहा दिवस आहेत, पुरेत," ती म्हणाली. "दादा, तुम्ही थेंब मोजणं थांबवू नका. रोज सकाळी आणि संध्याकाळी मोजायचं आणि लिहून ठेवायचं."

"मी?" घड्याळजी गोंधळले. तक्रार करायला आलेल्या माणसाला काम मिळालं होतं.

त्या संध्याकाळी ती वर गेली ती दहा मिनिटांत खाली आली नाही. अर्धा तास लागला. जेवायला बसलो तेव्हा म्हणाली, "पिंपात मी विणायची सुई घातली. तळापर्यंत चिखल आहे. चार्टवर एक नंबरला आठवड्याच्या दोन बादल्या आहेत. माती सांगतेय, रोजच्या दोन." मग ताटातून मान वर केली. "कोणी पाणी घालतंय का?"

मुलगा दातांच्या कवळ्या बनवतो. या शहरातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं आहे, माझंही. तो म्हणाला, "मला सकाळी वेळ कुठे असतो?" आणि घास घेतला.

ती माझ्याकडे वळली.

"कबुतरं असतील," मी म्हटलं.

"कबुतरं बादली घेऊन येतात का, बाबा?"

मी पाणी प्यायलो. आता वाचणाऱ्याला सांगायला हरकत नाही. रोज अकरा वाजता, घरात कोणी नसताना, मी दुधाचा मोठा डबा भरून गच्चीवर जात होतो. महिनाभरापूर्वी मी बघितलं होतं, लिंबाची पानं पिवळी पडायला लागली होती. म्हटलं, पोरगी दिवसभर राबते, हिला झाडाची तहान कशी दिसणार? तिला सांगितलं तर वाईट वाटेल. म्हणून गुपचूप एक डबा. पानं आणखी पिवळी पडली, म्हणून दोन डबे. माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही असं मी घरात सांगत होतो, आणि हे गुडघे रोज डबे घेऊन वर चढत होते.

तिने पुन्हा विचारलं नाही. मंगळवारी पहाटे गच्चीच्या दाराला डेपोतलं एक जुनं हजेरीबुक टांगलेलं होतं, दोरीला बांधलेली पेन्सिल त्याच्यासोबत. पानावर रकाने आखलेले: तारीख, वेळ, कुंडी नंबर, किती पाणी. आणि वर ठळक अक्षरात: "पाणी घालायला बंदी नाही. घातलं की लिहा. कोणावरही कारवाई होणार नाही."

"असं कोण लिहिणार आहे?" मी म्हटलं.

"लिहितात, बाबा. डेपोत पूर्वी उशिरा आलेल्यांचा पगार कापायचे, तेव्हा सगळेच वेळेवर यायचे, कागदावर. मी म्हटलं, आठवडाभर कापू नका, फक्त खरी वेळ लिहू द्या. तिसऱ्या दिवशी कळलं की अर्धे उशिरा येतात ते एका बंद फाटकामुळे. फाटक उघडलं, काम झालं." तिने पायात बूट घातले. "माणूस भीतीने खोटं लिहितो. भीती काढून घेतली आणि पेन्सिल जवळ ठेवली की झालं."

आणि ती निघून गेली, एकशे सहा गाड्यांकडे.

अकरा वाजता मी दोन्ही डबे घेऊन वर गेलो. सवय, दुसरं काय! दारातच ते बुक. मी त्याच्याकडे पाठ फिरवली, डबे पिंपात रिकामे केले, आणि परत येताना पुन्हा ते समोर. पेन्सिलला टोकही छान केलेलं. मी इकडेतिकडे बघितलं आणि लिहायला वाकलो, तर वर एक ओळ आधीच होती. "८.२०. एक नंबर. दोन बाटल्या." अक्षर माझ्या मुलाचं. कवळीच्या दातांसारखं एकाला एक चिकटलेलं. ज्याला सकाळी वेळ नसतो, तो!

मी गच्चीवर एकटाच एवढ्या जोरात हसलो की कबुतरं उडाली. मग खाली लिहिलं, "११. एक नंबर. दोन डबे." सही ठोकली. बरं वाटलं, खरं सांगतो.

संध्याकाळी सातला सूनबाईने बुक खाली आणलं. आम्ही दोघे बापलेक समोरासमोर बसलो होतो, परीक्षेच्या निकालाला बसतात तसे. तिने पहिली ओळ वाचली आणि नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "अगं, मरतंय असं वाटलं." दुसरी ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कबुतर." ती हसली. मग तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं, आणि तिने बुक माझ्याकडे फिरवलं.

बारीक, सरळ, कोरल्यासारखं अक्षर. "५ वाजून ४२ मिनिटे २० सेकंद. एक नंबर. अडीच लिटर."

सही नव्हती. पण सहीची गरज काय?

"हे तर—" मुलगा म्हणाला.

"बोलू नका," ती म्हणाली. "उद्या एक दिवस बघू."

बुधवारी पुन्हा तीच ओळ. फक्त ४१ मिनिटे ५० सेकंद. ती उठली आणि समोरच्या दारावर गेली. मी मागोमाग. अशा वेळी मागे राहायचं असतं हे मला शिकवलं गेलेलं नाही.

घड्याळजी स्वयंपाकघरात भिंग लावून बसले होते. बाहेरच्या खोलीत बादली ठेवलेली, टप्, आणि शांतता, आणि टप्.

"या वहिनी. आज सकाळी बारा सेकंद होतं. लिहून ठेवलंय."

"दादा, तुमचं घड्याळ बरोबर चालतं ना?"

त्यांनी भिंग काढलं. असा अपमान त्यांचा आजवर कोणी केला नव्हता. "माझं घड्याळ?"

"म्हणजे पाच एक्केचाळीस आणि पन्नास सेकंद, ही वेळ बरोबरच असणार."

मी आयुष्यात पुष्कळ माणसं लाजताना बघितलीत, पण एवढा मोठा माणूस कानापासून लाल होताना पहिल्यांदाच बघितला. ते भिंग पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

"रोज संध्याकाळी मी वर जातो, पाय मोकळे करायला. त्या वेळी तुम्ही नसता. पानं पिवळी पडत होती, वहिनी. एवढं चांगलं झाड. मला वाटलं, तुम्हाला कामातून सवड होत नाही. म्हणून आपलं थोडंसं..."

"अडीच लिटर."

"मापाचं भांडं अडीचचं आहे."

"आणि पानं आणखी पिवळी पडली म्हणून?"

"म्हणून रोज."

"आणि ते पाणी गेलं कुठे, दादा?"

घड्याळजींनी हळूहळू मान वर केली आणि छताकडे बघितलं. बादलीत टप् झालं. ते खुर्चीत बसले. "मीच माझ्या डोक्यावर पाणी घालत होतो," ते म्हणाले. "आणि तक्रार तुमची केली."

मला खरं तर हसायचं होतं. महिनाभर पुरेल एवढी गोष्ट मिळाली होती. पण ते इतके खजील झाले होते की माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"शेळी निर्दोष होती," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"पेरूचं रोप. शाळेतलं. शेळीने खाल्लं नव्हतं. मी त्याला रोज चार वेळा पाणी घालत होतो. आधी पानं पिवळी पडली, म्हणून सहा वेळा घातलं. मग एक दिवस हलवून बघितलं तर ते मुळासकट हातात आलं, खाली सगळं कुजलेलं. हेडमास्तरांना काय सांगणार? कुंपणाबाहेर एक शेळी उभी होती. बस. तिथून सुरू झालं."

"आणि शिंगं?" सूनबाईने विचारलं.

"शिंगं नंतर आली."

घड्याळजी पहिल्यांदा हसले. मग तीही. साठ वर्षं सांगितलेली गोष्ट एका मिनिटात मोडली, पण मला सांगायला हवं, ती मोडून जेवढं हसू आलं तेवढं ती सांगून कधी आलं नव्हतं.

"बरं," सूनबाई म्हणाली. "म्हणजे एका गाडीवर चार ड्रायव्हर होते. मी धरून. आता दोन कामं. पाणी बंद. आणि भेग शोधायची, कारण पाणी जास्त असलं तरी छतात शिरायला त्याला वाट लागते. तीन दिवस आहेत."

तिने कामाचेही बारा-बारा मिनिटांचे तुकडे केले. एक दिवसही रजा घेतली नाही. गुरुवारी पहाटे गच्चीच्या पन्हाळीचं तोंड मोकळं केलं. त्यात पालापाचोळा आणि माती अशी ठासून बसली होती की पाण्याला जायला जागाच नव्हती, ते पिंपाखालीच साचत होतं. हे आपल्याच कुंड्यांचं पाप, ती म्हणाली, आणि त्यावर जाळी बसवली. त्या दिवशी घड्याळजींच्या वहीत संध्याकाळी एकोणतीस सेकंद.

शुक्रवारी ती डेपोतून येताना एका पिशवीत छोटा जॅक मागून घेऊन आली. चार माणसांना न उचलणारं पिंप एका बाईने एका लोखंडी दांड्याने इंच-इंच वर उचललं, एका बाजूने वीट, मग दुसऱ्या बाजूने वीट. मी बाजूला स्टुलावर बसून हुकूम देत होतो, आणि ते कोणी ऐकत नव्हतं. खाली ओली काळी फरशी दिसली. घड्याळजी पालथे पडले, डोळ्याला भिंग.

"ही एक. केसाएवढी आहे. आणि ही दुसरी, तिला फाटा फुटलाय."

"बाजूला व्हा," माझा मुलगा म्हणाला. त्याने भेगा भरायचा लगदा कालवला होता, नेहमी कवळीचा साचा कालवतो तसा, एकही गुठळी नाही. "भेगा भरणं हे माझं काम. तोंडातली असो नाहीतर गच्चीवरची."

"तुम्हाला दुसरी सापडलीच नसती," घड्याळजी म्हणाले.

"तुम्हाला भरता आली नसती," हा म्हणाला.

दोघं अर्धा तास असेच एकमेकांना टोमणे मारत पिंपाखाली डोकं घालून होते. सूनबाई तोवर मिरच्या तोडून आली.

शनिवारी वहीत होतं: सकाळी तीन मिनिटं आठ सेकंद. संध्याकाळी: अर्धा तास बसलो, एक थेंब.

रविवारी दहाला सेक्रेटरीबाई फाइल घेऊन वर आल्या. इमारतीतली आणखी पाच-सात मंडळी होती, कोण काय कापतंय ते बघायला. घड्याळजींनी वही पुढे केली. "सकाळी सहापासून पावणेदहापर्यंत एकही नाही."

बाईंनी वही उलटसुलट बघितली. "पाणी घातलं नाही म्हणून थांबलंय हो. उद्या घातलं की पुन्हा सुरू. माझ्यासमोर दोन बादल्या ओता, मग बघू."

लगदा कालच सुकला होता. माझ्या मुलाने बायकोकडे बघितलं, थांबव म्हणून. मलाही वाटलं, आणखी एक दिवस मागून घ्यावा.

"ओतू," सूनबाई म्हणाली. "पण झाडात नाही. त्याची आज सुट्टी आहे. फरशीवर ओतते, सरळ भेगेवर. दोन कशाला, चार ओतते."

तिने चार बादल्या ओतल्या. पाणी पिंपाखालून विटांमधून वाहत गेलं, जाळीपाशी गोल फिरलं आणि खाली गेलं. घड्याळजी हातातलं घड्याळ बघत जिन्याने धावले, आपल्या छताखाली बसायला. "वीस मिनिटं!" असं ओरडून गेले.

वीस मिनिटं म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळलं. मी एका गृहस्थांना पेरूची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि शेळीपाशी येऊन अडकलो. मुलगा पन्हाळीत बघत उभा. बाई फाइलचा बंद सोडत होत्या आणि बांधत होत्या. आणि आमची टाइमबाई? ती जिन्याकडे बघतही नव्हती. तिने कात्री काढली आणि एकेक कुंडीची वाळलेली पानं काढत गेली. सात नंबरला काठी बांधली. अकरा नंबरला भिंतीच्या सावलीत सरकवलं. जणू तिला आज वीस मिनिटं फुकट मिळाली होती आणि ती वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. घड्याळजी वर आले, श्वास लागलेला. आधी त्यांनी घड्याळ बघितलं, मग आम्हाला.

"वीस मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले. "कोरडं."

"चाळीस सेकंद कशाला?" बाईंनी विचारलं.

"खात्रीसाठी."

बाईंनी फाइल मिटली. मिटली की त्या पुन्हा चांगल्या होतात. जाता जाता पुदिन्याच्या डब्यापाशी थांबल्या, वाकल्या, वास घेतला. "याची एखादी काडी मिळेल का हो?"

"चौदा नंबर," सूनबाई म्हणाली. "मिळेल. पण पाणी एक दिवसाआड. लिहून देते."

दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दारावर नवा तक्ता होता. एक नंबरसमोर आता चार नावं. आठवड्याच्या त्याच दोन बादल्या, चार अर्ध्यांमध्ये वाटून. शनिवार ती स्वतः. सोमवार घड्याळजी, वेळ पाच बेचाळीस. शुक्रवार माझा मुलगा. बुधवार मी.

"आठवड्यातून एकदाच?" मी म्हटलं.

"तुम्ही सर्वांत सिनियर आहात, बाबा. हलकी ड्युटी दिलीय. आणि आधी सुई, मग बादली."

"मला शिकवतेस?"

"शेळीला विचारते," ती म्हणाली आणि डेपोला गेली.

पहिला बुधवार आला. मी अर्धी बादली भरून वर गेलो. गुडघ्यांचं नाटक आता संपलेलं, त्यामुळे जिन्यात दोनदा मोकळेपणाने थांबलो. पिवळी पानं बरीच गळून गेली होती आणि झाड थोडं उघडंबोडकं दिसत होतं, सलूनमधून नुकतंच आल्यासारखं. पण एका फांदीच्या टोकाला नखाएवढं कोवळं काहीतरी होतं. चष्मा पुसून बघितलं. पान. हिरवंगार.

माझा हात बादलीकडे गेला. शपथेवर सांगतो, एवढं छोटं पान बघून कोणाला पाणी घालावंसं वाटणार नाही? पण मी आधी सुई घेतली, मातीत तळापर्यंत घातली, बाहेर काढली. ओली. बोटावर पुसली, पुन्हा एकदा घातली. ओलीच.

मी बादली मिरच्यांना वाटून टाकली; त्या रोज तहान लागणाऱ्या गटातल्या आणि त्या दिवशी हलक्याही होत्या, उचलून बघितल्या मी. मग दाराशी आलो आणि बुकात लिहिलं: "११ वाजता. एक नंबर. माती ओली होती. पाणी घातलं नाही." आणि पूर्ण सही केली, आडनावासकट.

संध्याकाळी बघितलं तर त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारलेली, आणि पुढे एकच शब्द. डेपोत ती ज्या ड्रायव्हरवर खूश असते, त्याच्या नावापुढे लिहिते तो.

"वेळेवर."